सनदेच्या परीक्षेतले उत्तर : मांडणीचा इतिहास

अमेरिकेत वकिलीची सनद देण्याचे काम प्रत्येक राज्यातील न्यायालयांच्या अखत्यारीत येते. त्यासाठीची ‘बार’ परीक्षा बहुतेक राज्यांत दोन दिवस चालते आणि तिचा मोठा भाग निबंधवजा उत्तरांचा असतो. प्रश्न म्हणजे पाऊण-एक पानाची हकिगत: कोणी कोणाला काय विकले, कोण घसरून पडले, पोलिसांनी कोणत्या घराची झडती घेतली. एका उत्तराला कुठे अर्धा तास, तर कॅलिफोर्नियात एक तास मिळतो. आज हे उत्तर बहुतेक जण लॅपटॉपवर टंकतात आणि त्याचे रूप लांबूनही ओळखू येते: प्रत्येक वादमुद्द्याला ठळक उपशीर्षक, त्याखाली तीन-चार ओळींचे परिच्छेद, मध्ये मोकळी ओळ, शेवटी एका वाक्यात निष्कर्ष. हे रूप कोणा एकाने ठरवून दिलेले नाही. लिहिण्याची साधने बदलत गेली, तपासनीसांपुढचे गठ्ठे वाढत गेले, आणि त्या दोहोंच्या रेट्याने ते घडले.

१९व्या शतकाच्या मध्यापर्यंत परीक्षा तोंडी होती. उमेदवाराने एखाद्या वकिलाच्या कचेरीत काही काळ उमेदवारी करायची आणि मग न्यायाधीशाने किंवा नेमलेल्या दोन-तीन वकिलांनी त्याला प्रश्न विचारायचे, अशी रीत होती. इलिनॉयमध्ये वकिली करणाऱ्या अब्राहम लिंकन यांनी एका तरुणाची परीक्षा हॉटेलच्या खोलीत, स्वतः आंघोळ करता करता घेतल्याची आठवण त्या तरुणाने नोंदवून ठेवली आहे. अशा परीक्षेत परीक्षक उमेदवाराला पुरता जोखू शकत असे, पण एकाला अवघड आणि दुसऱ्याला सोपे विचारले गेले, तर दाद मागायला कागदावर काहीच उरत नसे.

लेखी परीक्षेची सुरुवात सामान्यतः १८५५ साली मॅसॅच्युसेट्समध्ये झाल्याचे मानले जाते. पुढे १८७० मध्ये क्रिस्टोफर कोलंबस लँगडेल हार्वर्डच्या विधी महाविद्यालयाचे प्रमुख झाले आणि निवाडे वाचून कायदा शिकवण्याची पद्धत त्यांनी रुजवली. तिच्याबरोबर प्रश्नाचा घाटही बदलला. ‘करार म्हणजे काय?’ या प्रश्नाला पाठ केलेली व्याख्या पुरत असे; हकिगतीतून वादमुद्दे हुडकायचे तर उत्तराला क्रम लागतो, मांडणी लागते. १८९४ मध्ये न्यूयॉर्कने राज्यभरासाठी एकच परीक्षक मंडळ नेमले, आणि एकाच प्रश्नाची ढिगाने उत्तरे एकाच मेजावर येऊन पडू लागली.

हस्ताक्षराच्या काळातले संकेत या ढिगातूनच जन्मले. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक, प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्र वही, पानाच्या एकाच बाजूला आणि एक ओळ सोडून लेखन. सोडलेली ओळ पुढे सुचलेला मुद्दा घुसवायला कामी येई. वही बहुधा निळ्या मुखपृष्ठाची असे. महाविद्यालयीन परीक्षांतली ही निळी वही १९२०च्या दशकात इंडियानापोलिसच्या बटलर विद्यापीठापासून रूढ झाली असे सांगतात. मुद्द्याचे नाव अधोरेखित करणे ही तेव्हाची एकमेव सजावट होती आणि ती पुरेशी होती. सुवाच्य अक्षर नसलेल्या हुशार उमेदवाराचे मात्र त्या काळात खरोखरच नुकसान झाले असणार, कारण वाचता न आलेल्या वाक्याला गुण देणे कोणत्याही प्रामाणिक परीक्षकाला शक्य नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विधी महाविद्यालयांतून एक साचा सर्वत्र पसरला. वादमुद्दा, नियम, नियमाचे तथ्यांना लागूकरण आणि निष्कर्ष या चार पायऱ्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘आयरॅक’ म्हणतात. समजा, ड ने प ला जमीन विकण्याचे तोंडी कबूल केले. प ने पैसे दिले, ताबा घेतला, विहीर खणली. मग ड फिरला. पहिली पायरी: तोंडी करार बजावता येईल का? दुसरी: जमिनीच्या विक्रीचा करार लेखी व सही केलेला हवा, मात्र कराराची अंशतः पूर्तता झाली असेल तर न्यायालय अपवाद करू शकते. तिसरी: पैसे, ताबा आणि विहीर या तीन गोष्टी अपवादात कशा बसतात. चौथी: प ला जमीन मिळण्याची शक्यता दाट आहे. गुणांचे वजन बहुतांशी तिसऱ्या पायरीवर असते, आणि नेमकी तीच उतावळे उमेदवार गाळतात. हा साचा रुक्ष आहे हे खरे. पण एका उत्तराला मोजकीच मिनिटे देऊ शकणाऱ्या वाचकाला मुद्दा कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे शोधावे लागत नाही, आणि हे सौजन्य कमी मोलाचे नाही.

दरम्यान परीक्षेच्या दालनात टाईपरायटर आला होता. टंकणाऱ्यांनी आपले यंत्र स्वतः वाहून आणायचे आणि खडखडाटामुळे वेगळ्या खोलीत बसायचे. अक्षराचा प्रश्न सुटला, पण नवी शिस्त आली: टंकलेल्या दोन ओळींमध्ये नवा परिच्छेद घुसवता येत नाही. म्हणून आधी कच्च्या कागदावर मुद्द्यांचा आराखडा आणि मगच टंकन, ही सवय या काळात पक्की झाली. चुकलेल्या शब्दावर एक्सची रांग मारून पुढे जायचे. ठळक किंवा तिरपा ठसा साध्या यंत्रावर नव्हता; शीर्षक उठून दिसावे तर मोठी अक्षरे वापरायची, नाहीतर मागे येऊन खाली रेघ मारायची. अमेरिकी वकिली लेखनात निवाड्यांची नावे अधोरेखित करण्याचा प्रघात टाईपरायटरनेच घट्ट केला, आणि तिरपा ठसा सहज मिळू लागल्यावरही तो टिकून आहे. पुढे इलेक्ट्रॉनिक यंत्रांत मजकूर साठवण्याची सोय आली, तेव्हा घरून उत्तरे भरून आणली जाण्याच्या धास्तीने तशी यंत्रे वर्ज्य झाली.

मांडणीलाच थेट गुण देणारा प्रश्नप्रकार १९८३ मध्ये कॅलिफोर्नियाने आणला. त्यात उमेदवाराला प्रकरणाची कागदपत्रे आणि लागणारे कायदे हाती देतात, आणि वरिष्ठांसाठी टिपण, अशिलाला पत्र किंवा न्यायालयापुढचा लेखी युक्तिवाद तयार करायला सांगतात. पत्राला पत्राची शैली हवी, युक्तिवादाला पूर्ण वाक्यांची ठाम शीर्षके हवीत. १९९७ पासून याच धर्तीची राष्ट्रीय चाचणी इतर राज्यांनाही उपलब्ध झाली. व्यवसायात रोज लागणारे कौशल्य तपासणारा हा या परीक्षेतला सर्वांत अर्थपूर्ण भाग म्हणावा लागेल.

१९९०च्या दशकाच्या शेवटापासून लॅपटॉप आले. परीक्षेचे सॉफ्टवेअर संगणकातले बाकी सारे कुलूपबंद करते आणि समोर एक साधा संपादक ठेवते: ठळक, तिरपे, अधोरेखन, कापणे, चिकटवणे, फारसे काही नाही. टाईपरायटरने लादलेली शिस्त इथे सैल झाली, कारण विसरलेला मुद्दा केव्हाही मध्ये घालता येतो. उत्तरे लांबली. ती पडद्यावरची भिंत होऊ नयेत म्हणून उपशीर्षके आणि मोकळ्या ओळी वाढल्या. कॅलिफोर्निया प्रत्येक परीक्षेनंतर उमेदवारांचीच निवडक उत्तरे प्रसिद्ध करते. त्यांतली शीर्षकांची उतरंड पुढच्या तुकड्यांनी गिरवली आणि अलिखित संकेत जवळपास नियम झाला.

टंकलेल्या उत्तराला जास्त गुण पडतात, ही समजूत मात्र जपून घ्यायला हवी. १९९४ मध्ये एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसच्या संशोधकांनी एकच निबंध हस्तलिखित आणि टंकलिखित अशा दोन्ही रूपांत तपासायला दिला. टंकलिखिताला सरासरीने कमी गुण मिळाले. छापील अक्षरांत चुका लपत नाहीत, आणि निबंध आखूडही दिसतो. बार परीक्षेत टंकणारे पुढे राहत असतील, तर त्यामागे वेळेत अधिक मजकूर बसवता येणे हे कारण अधिक पटते.

यंत्रावर विसंबण्याची किंमतही मोजावी लागली. २००७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॉफ्टवेअरच्या दोषाने काही जणांची उत्तरे हरवली. जुलै २०१४ मध्ये पहिल्या दिवसाच्या संध्याकाळी अनेक राज्यांतील उमेदवारांची उत्तरे तासन्‌तास सर्व्हरवर चढेनात; दुसऱ्या दिवशीच्या अभ्यासाची रात्र पडद्याकडे पाहण्यात गेली. त्या वेळचे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एक्झामसॉफ्ट या कंपनीने पुढे २१ लाख डॉलरवर दावे मिटवले. २०२० च्या साथीत सॉफ्टवेअरची चाचणी फसल्यावर इंडियानाने प्रश्न ई-मेलने पाठवले, उत्तरे ई-मेलने मागवली आणि पुस्तके उघडायची मुभा दिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या नव्या प्रणालीवर अनेकांचे संगणक अडकले, आणि प्रश्नातला मजकूर उत्तरात चिकटवण्याची साधी सोयही चालेना. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलैची परीक्षा पुन्हा प्रत्यक्ष केंद्रांवर घ्यायला लावली.

भारतात २०११ पासून होणारी अखिल भारतीय बार परीक्षा बहुपर्यायी आहे. मुंबई-पुण्यातून पदवी घेऊन, पुढे अमेरिकेत एलएल.एम. करून न्यूयॉर्कच्या परीक्षेला बसणाऱ्यांना त्यामुळे कायद्याइतकीच ही मांडणीही नव्याने शिकावी लागते. विद्यापीठातल्या लांब, व्याख्येपासून सुरू होणाऱ्या उत्तराची सवय मोडणे हेच त्यातले कष्टाचे काम असते.

राष्ट्रीय परीक्षक परिषदेने आखलेली नवी परीक्षा जुलै २०२६ पासून काही राज्यांत लागू करण्याचे ठरले. तीत स्वतंत्र निबंधांऐवजी एकाच प्रकरणावरचे निवडीचे प्रश्न, एक-दोन वाक्यांची लघुत्तरे आणि दीर्घ लेखनकार्ये एकत्र गुंफलेली आहेत, आणि हे सारे लॅपटॉपवरच सोडवायचे आहे.