पत्त्यांची जादू घरी जमते, मग स्टेजवर का फसते?

"ताई, एक पत्ता काढा, लक्षात ठेवा आणि परत ठेवा." घरी सोफ्यावर बसलेल्या पाहुण्यांसमोर हा खेळ हमखास रंगतो. तोच खेळ नागपूरच्या रेशीमबागेतल्या कविवर्य सुरेश भट सभागृहात केला तर?

हे सभागृह सुमारे 2 हजार आसनांचं. नेहमीचा पत्ता साधारण 63 मिलिमीटर रुंद आणि 88 मिलिमीटर उंच असतो. 20 मीटरवर बसलेल्या माणसाला तो केवढा दिसत असेल? अर्ध्या मीटरवर धरलेल्या 2 मिलिमीटरच्या वस्तूएवढा. म्हणजे जवळपास मोहरीचा दाणा! त्यावर बदामची सत्ती आहे की चौकटची अठ्ठी, हे त्याला कळणार कसं? पुढच्या दोन रांगा टाळ्या वाजवतात आणि मागचे मोबाइल काढतात.

जादूगारांच्या जागतिक स्पर्धेतही हा फरक मान्य केलेला आहे. 'फिजम' या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या या स्पर्धेत पत्त्यांची जादू जवळून पाहायच्या खेळांमध्ये मोडते. स्टेजच्या गटात पत्ते येतात ते प्रामुख्याने 'मॅनिप्युलेशन' म्हणून, म्हणजे हातचलाखीचं दृश्य म्हणून. रिकाम्या हातातून पत्ते येत राहतात, त्यांचा पंखा उघडतो, मिटतो, दुसऱ्या हातात पुन्हा उघडतो. इथे पत्ता कुठला आहे हे वाचायची गरजच पडत नाही. पांढरं काहीतरी नव्हतं आणि आता आहे, एवढं शेवटच्या रांगेला दिसलं की काम झालं.

या प्रकारातलं मोठं नाव म्हणजे कार्डिनी. वेल्समध्ये 1895 साली जन्मलेला हा रिचर्ड पिचफर्ड. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या थंडीमुळे तो हातमोजे घालूनच पत्त्यांचा सराव करायचा, असं सांगतात. पुढे हातमोज्यातून पत्ते काढणं हीच त्याची ओळख बनली. पण लोकांच्या लक्षात राहिला तो त्याच्या पात्रामुळे. थोडी चढलेला, सूटबूटातला एक सभ्य गृहस्थ, ज्याच्या हातात पत्ते येतच राहतात आणि ते का येताहेत हे त्यालाच कळत नाही! पत्नी स्वान हॉटेलच्या पोऱ्याच्या वेशात सोबत असायची. पत्त्यांचे आठ वेगवेगळे खेळ एकामागून एक दाखवणाऱ्याला नेमकं हेच जमत नाही. खेळ बदलतात, माणूस मात्र कोणीच नसतो.

दुसरा मार्ग अमेरिकेच्या हॉवर्ड थर्स्टनचा. प्रेक्षकांनी सांगितलेले पत्ते कॅटमधून आपोआप वर तरंगत त्याच्या हातात यायचे. पत्ता लहानच, पण त्याचा प्रवास मोठा, आणि प्रवास लांबूनही दिसतो.

मोठ्या आकाराचे 'जम्बो' पत्ते हा सोपा उपाय वाटतो, पण दुप्पट लांबीचा पत्ता तळहातात लपत नाही. म्हणून बहुतेक जण खेळ साध्या पत्त्याने करतात आणि शेवटी उत्तर तेवढं जम्बोवर दाखवतात. तेही शक्यतो एक्का किंवा दुर्री-तिर्री. राजा-राणीची चित्रं लांबून नुसता रंगीत गोंधळ दिसतात. कॅमेरा आणि एलईडी पडदा लावला तर आकाराचा प्रश्न सुटतो, पण प्रेक्षक जादूगाराकडे पाहणं सोडून पडद्याकडे पाहू लागतात. शिवाय कॅमेरामनला आधी सांगितलं नसेल तर तो नको त्या क्षणी नको तो हात पडद्यावर मोठा करून दाखवतो.

मग क्रम कसा लावायचा?

मराठी माणसाला स्टेजवरची जादू म्हटलं की पुण्याचे जादूगार रघुवीर आठवतात. पुढे मुलगा विजय आणि नातू जितेंद्र यांनीही हीच वाट धरली. पूर्ण लांबीच्या शोमध्ये पत्ते हा एक तुकडा असतो, आणि तो लहान असलेलाच बरा. फिजममध्येही एका सादरीकरणाला 5 ते 10 मिनिटंच मिळतात. सुरुवात बोलण्याशिवाय, झटपट दिसणाऱ्या खेळाने होते. प्रेक्षकाला वर बोलवायचा खेळ मध्यात येतो. एखाद्या काकांना चौथ्या रांगेतून उठून पायऱ्या चढून यायलाच अर्धं-पाऊण मिनिट जातं, आणि तेवढा वेळ बोलायला काही हवं. शेवट सगळ्यात मोठ्या दृश्याचा. पत्ते जमिनीवर सांडणार असतील तर तो खेळ शेवटीच, नाहीतर उरलेला वेळ ते गोळा करण्यात जातो.

गणपतीच्या मंडपात वेगळंच संकट असतं. सभागृहात प्रेक्षक समोर असतात, मंडपात मुलं स्टेजच्या कडेला येऊन बसतात. हाताच्या मागे लपवलेला पत्ता समोरून दिसत नाही, बाजूने मात्र अगदी स्वच्छ दिसतो. आणि मुलं ओरडून सांगतात! अशा ठिकाणी मॅनिप्युलेशन सोडून कुठल्याही कोनातून चालणारे खेळ निवडावे लागतात.

नागपूरचं हवामानही यात भाग घेतं. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना कार्यक्रम असेल तर कूलर आलाच. त्याचा झोत उघडलेला पंखा उडवून लावतो, ओलाव्याने पत्ते जड होऊन एकमेकांना चिकटतात, आणि घामेजल्या बोटांनी ते एकेक सुटत नाहीत. पावसाळ्यातही कागदी पत्ते फुगतात. म्हणून नवा कॅट ऐन वेळेला उघडतात आणि कूलरचं तोंड आधीच वळवून घेतात.

बोलण्याचा भाग सर्वात नाजूक. "मी तुमच्या मनातला पत्ता ओळखतो" हे वाक्य रंगमंचावर चालतं, कारण तो खेळ आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. कार्यक्रमानंतर कोणी हात जोडून "माझ्या मुलाचं भविष्य सांगा" म्हणून आलं, तर मात्र गोष्ट बदलते. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं आणि त्यांच्या प्रचारातून लोकांना फसवणं हा गुन्हा आहे, शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं. अशा वेळी जादूगाराने ही हातचलाखी आहे, एवढं सांगायचं. पत्ता कसा ओळखला, हे नाही सांगितलं तरी चालतं.

तालीम आरशासमोर होते, पण आरसा फक्त समोरचं दाखवतो. त्यामुळे मोबाइल आधी शेवटच्या रांगेत आणि मग स्टेजच्या दोन्ही कडांना ठेवून चित्रीकरण करतात. शेवटच्या रांगेतला व्हिडिओ आवाज बंद करून पाहायचा. खेळ कळला नाही तर तो यादीतून काढायचा.