बेने इस्राएल शिक्षक आणि शिक्षक-प्रशिक्षण
कोकण व मुंबईतील मराठीभाषक ज्यू समाजात (पहा : बेने इस्राएल) हिब्रू, धर्मपाठ व शालेय विषय शिकवणाऱ्या शिक्षकांच्या घडणीची परंपरा.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी धर्मशिक्षणाचा पाया घातला. मिशनऱ्यांच्या शाळांतही हिब्रू शिकवली जाई. जॉन विल्सन यांचे मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण १८३२ मध्ये निघाले. हाईम सॅम्युएल केहिमकर (१८३०–१९०८) यांनी १८७५ मध्ये मुंबईत काढलेली इस्रायली शाळा पुढे सर एली कदूरी विद्यालय म्हणून ओळखली गेली. जोसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी प्रार्थनापुस्तकांचे मराठी अनुवाद केले. मूळ हिब्रू उच्चारात म्हणायचे आणि अर्थ मराठीत सांगायचा, या अध्यापनाला त्यांतून छापील आधार मिळाला.

वेगळे प्रशिक्षण महाविद्यालय नसल्याने अध्यापनाची पात्रता समाजाबाहेरच मिळवावी लागे. रिबेका रूबेन (१८८९–१९५७) यांनी इंग्लंडमध्ये शिक्षणशास्त्राचे शिक्षण घेतले व १९२२ पासून १९५० पर्यंत इस्रायली शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले. परंपरेतील सर्वांत भक्कम पर्व हेच. इस्रायलच्या स्थापनेनंतरच्या (१९४८) स्थलांतराने विद्यार्थी व शिक्षक दोन्ही घटले (पहा : अलिया).