शेतकऱ्याचं घर, वाटसरूंची सराई

मंडळी, परदेशातल्या 'कंट्री इन'चे फोटो बघून आपण हरखतो. जुन्या लाकडी तुळया, शेकोटी, बाहेर कुरण वगैरे... पण अशा कित्येक इन म्हणजे मूळची शेतकऱ्यांची साधी घरं!

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या सडबरीचं 'वेसाइड इन' बघा. घर मुळात एकावर एक अशा दोनच खोल्यांचं. बोस्टनचा टपालरस्ता दारावरून जायचा. १७१६ मध्ये डेव्हिड हाऊने ते घर वाटसरूंना खुलं केलं. गिऱ्हाईक वाढलं तशा खोल्या वाढल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर, सिस्टिम पुन्हा पहिल्यापासून लिहिली नाही, मोड्यूल जोडत गेले! १८६१ पर्यंत हाऊंच्या चार पिढ्यांनी ते चालवलं. १९२३ मध्ये हेन्री फोर्डने ते विकत घेतलं आणि १९२९ मध्ये जवळच एक पाणचक्कीही बांधली. १९५५ साली मोठी आग लागली, पण १९५८ मध्ये डागडुजी होऊन इन परत सुरू झालं.

आता आपल्याकडे या. भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात आंधळगाव आहे. मुलूख धानाचा, नाव कोशाच्या कापडाचं. या भागातल्या मालगुजारांच्या वाड्यांचा नकाशा शेतीनेच ठरवलेला. पाहुण्याला ओसरी, कामाला अंगण, धानाला कोठार आणि वर कवेलूंचं छप्पर. १९५१ मध्ये मालगुजारी गेली (भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता). वाड्यांमागचं उत्पन्न आटलं, पण पावसाळ्याआधी कवेलू फेरायचा खर्च काही सुटला नाही. मग स्लॅब टाकलेला परवडतो, त्यात नवल काय?

अशा वाड्याचं गेस्टहाऊस होऊ शकतं. ओसरी तर पाहुण्यांसाठीच होती, कोठाराच्या खोल्या करता येतील. पण अंगणावर पत्रे घालून 'हॉल' काढला, कवेलूंखाली फॉल्स सीलिंग ठोकलं, की मग उरतो तो नुसता लॉज. अंगणातूनच घरात उजेड आणि वारा येतो, ते बुजवून एसी लावण्यात कसलं शहाणपण?

आणि नुसत्या भिंती वाचवूनही भागत नाही. आसपास काही काम चालू असेल, तरच पाहुणा दोन दिवस रमतो. फोर्डला त्यासाठी चक्की मुद्दाम बांधावी लागली. आंधळगावची ओळख असलेला कोशाचा माग कुणी नव्याने बांधायला नको, तो बंद पडू दिला नाही म्हणजे झालं. पाहुण्याने तिथे मुक्काम करावा आणि विणकराकडून थेट कापड घ्यावं. वाड्याचं छप्पर आणि विणकराचा माग, दोन्हींचा खर्च निघेल असं गणित जमवायला हवं. नाहीतर पुढच्या पिढीला वाडा फोटोतच दाखवावा लागेल.