जपानी बंदूक, खडकीची काडतुसं आणि सांगशाकची टेकडी

शनिवार पेठेतून नवा पूल ओलांडून जुन्या मुंबई रस्त्याला लागलं की थोड्या वेळात खडकी येते. तिथली ॲम्युनिशन फॅक्टरी १८६९ची. दुसऱ्या महायुद्धात तिथे थ्री नॉट थ्रीची काडतुसं बनायची, बुडावर ‘के एफ’ असा शिक्का असायचा. आजचा एपिसोड जपानी पायदळाच्या बंदुकांवर आहे, मग खडकी कुठून आली? सांगतो.

मार्च १९४४. मणिपूरमध्ये उख्रुलजवळ सांगशाक नावाचं टेकडीवरचं गाव. तिथे ५०व्या पॅराशूट ब्रिगेडसोबत आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन अडकली होती. समोर जपानच्या ३१व्या डिव्हिजनची ५८वी रेजिमेंट. २२ ते २६ मार्च, रात्रंदिवस हल्ले. काटेरी तार नाही, पाण्याची बोंब, आणि जमीन इतकी खडकाळ की खंदकही नीट खणता येईना. विमानातून पुरवठा टाकला, तर त्यातला बराचसा जपान्यांच्या बाजूला पडला.

हा मुद्दा लक्षात ठेवा, आपण परत इथे येणार आहोत.

आपल्या जवानांकडे ली-एनफिल्ड रायफल, ब्रेन लाइट मशीनगन आणि जड व्हिकर्स, अशी तीन हत्यारं होती. तिन्हींना काडतूस एकच, थ्री नॉट थ्री. गरज पडली तर ब्रेनच्या मॅगझिनमधली काडतुसं काढून रायफलीत भरा, चालतं.

आता जपानकडे बघा. १९०५ची टाईप ३८ अरिसाका रायफल, ६.५ मिलिमीटरची. छान बंदूक! लांब नळी, धक्का कमी, आणि तोंडाशी ज्वाळा इतकी कमी दिसायची की जंगलात गोळी कुठून आली ते कळायचं नाही. १९२२ मध्ये टाईप ११ लाइट मशीनगन आली. आयडिया भारी होती. वेगळं मॅगझिनच नको, रायफलीच्या पाच-पाच काडतुसांच्या सहा क्लिपा वरून पेटीत टाकायच्या. कागदावर शंभर टक्के कंपॅटिबल! प्रत्यक्षात काडतुसांना तेल लावावं लागायचं, तेलावर धूळ बसायची, गन जॅम व्हायची. शेवटी तिच्यासाठी कमी दारू भरलेली वेगळी काडतुसं काढली. म्हणजे ज्यासाठी अट्टाहास केला, तेच गेलं.

पुढे चीनमध्ये समोरून ७.९२ मिलिमीटरच्या माउझर गोळ्या यायला लागल्या आणि ६.५ कमी पडते असं सैन्याला वाटलं. १९३२ मध्ये जड मशीनगन ७.७ ची झाली, टाईप ९२. १९३९ मध्ये रायफलही ७.७ ची, टाईप ९९. (हे ९९ म्हणजे मॉडेल नंबर नाही, जपानी शाही सन २५९९.) पण गंमत अशी की मशीनगनच्या काडतुसाच्या बुडाला थोडी बाहेर आलेली कड होती, रायफलीच्या काडतुसाला नव्हती. आकडा एकच, तरी मशीनगनचं काडतूस नव्या रायफलीत बसेना. जुन्या ६.५ च्या बंदुकाही सगळ्या बदलून झाल्या नाहीत. ब्रह्मदेशात दोन्ही होत्या. आमच्या भाषेत, प्रॉडक्शन चालू असताना अर्धवट सोडलेलं मायग्रेशन.

मग दुसरं काय करता आलं असतं? ऑटोमॅटिक रिलोड होणाऱ्या रायफली १९३०च्या दशकात तपासून सोडून दिल्या होत्या. अगदी शेवटी अमेरिकन गारंडची नक्कल केली, ती लढाईत पोचलीच नाही. तो मुद्दा मी सोडतो.

जास्त इंटरेस्टिंग पर्याय त्यांच्या घरातच होता. जपानी नौदलाने ब्रिटिश लुईस गनची नक्कल केली होती आणि तिचं काडतूस म्हणजे चक्क थ्री नॉट थ्री! भूदल आणि नौदलाचं वैर इतकं की एकाने निवडलेलं दुसऱ्याने घ्यायचं नाही. भूदलाने तेच घेतलं असतं तर? जपानची इंफाळ मोहीम शत्रूचा माल पकडून पुढे जायचं या हिशोबावरच आखलेली. सांगशाकला चुकीच्या बाजूला पडलेली थ्री नॉट थ्रीची काडतुसं त्यांच्या बंदुकीत जशीच्या तशी बसली असती. खडकीत बनलेली गोळी खडकीच्याच पोरावर. विचार केला की अंगावर काटा येतो. पकडलेल्या ब्रेन गन त्यांनी वापरल्याच, पण प्रत्येक जपानी शिपायाला ती सोय झाली असती.

तरी माझं मत वेगळं आहे. रायफल आणि लाइट मशीनगन ६.५ वरच ठेवायला हव्या होत्या. काडतूस हलकं, माणूस जास्त गोळ्या वाहू शकतो, कारखाने तयार, आणि जंगलात शंभर-दीडशे मीटरवर ६.५ आणि ७.७ मधला फरक मरणाऱ्याला कळत नाही. लांब पल्ल्याच्या जड मशीनगनपुरती ७.७ ठेवली असती तरी भागलं असतं. १९३६ची टाईप ९६ लाइट मशीनगन ६.५ चीच आणि टाईप ११ पेक्षा कितीतरी बरी. हातात चांगलं व्हर्जन होतं, तीन वर्षांत पुन्हा बदललं.

सांगशाकचं पुढे काय झालं? २६ मार्चच्या रात्री उरलेले जवान अंधारात जंगलातून इंफाळकडे निघाले. टेकडी जपान्यांना मिळाली, पण तिथे त्यांची माणसं आणि मोलाचे दिवस गेले, आणि तेवढ्यात कोहिमाची तयारी झाली. जनरल सातोंच्या ३१व्या डिव्हिजनकडे निघताना जेमतेम तीन आठवड्यांचं अन्न होतं. मे संपता संपता त्यांनी वरिष्ठांचा आदेश झुगारून कोहिमाहून माघार घेतली. तोवर ना तांदूळ पोचला होता, ना कुठल्याही मापाचं पुरेसं काडतूस.