नदीपलीकडचा रस्ता : शकुंतला भगत यांचे सेतुकार्य

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आम्हां मंडळींच्या आयुष्याचा बराचसा भाग आगगाडीच्या प्रवासात गेला, असे म्हटल्यास ती फारशी अतिशयोक्ती ठरू नये. मुंज, लग्नकार्य, गणपती, आजीचे आजारपण, काहीही असो, ट्रंका बांधायच्या आणि देशाकडे निघायचे. वाटेत नर्मदेचा पूल आला, की घरातील वडीलधारी माणसे हात जोडीत आणि मुलांच्या मुठीत नाणे देत. खिडकीतून ते नदीत टाकण्यासाठी मुलांची झुंबड उडे. ही रीत आम्हांला आजही प्रिय आहे. परंतु ज्या पुलावरून आम्ही ती नाणी टाकली, तो कोणी बांधला, याची चौकशी आमच्यापैकी कोणी कधी केल्याचे स्मरत नाही. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने या विस्मृतीची अल्पशी भरपाई करावी आणि नद्यांवर पूल टाकण्यात आयुष्य वेचलेल्या एका मराठी स्त्रीची ओळख करून द्यावी, असा या लेखाचा हेतू आहे.

प्रवाशाची सोय पाहणारी मराठी स्त्री म्हटले, की पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचेच नाव प्रथम ओठांवर येते, आणि ते योग्यच आहे. काशी, गया, सोमनाथ येथे गेलेल्या आमच्या वाचकांनी त्यांचे कार्य डोळ्यांनी पाहिले आहे. तथापि अहिल्याबाईंच्या हाती राज्य होते. शकुंतलाबाईंच्या हाती राज्य नव्हते आणि सरकारी खात्याचा अधिकारही नव्हता. होती ती केवळ विद्या आणि स्वतःच्या गणितावरील विश्वास.

शकुंतलाबाईंचा जन्म ६ फेब्रुवारी १९३३ चा. वडील एस. बी. जोशी हे पूलबांधणीतील नामांकित अभियंते. पुलांचे नकाशे ज्या घरात रोजच्या पाहण्यातले, त्या घरातील मुलीला या विद्येची गोडी लागावी, यात नवल नाही. नवल आहे ते तिने त्या विद्येची रीतसर पदवी घेतली, याचे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधून १९५३ साली त्या स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदवीधर झाल्या. त्या संस्थेतून ही पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

येथे एक खुलासा करणे आम्हांस आवश्यक वाटते. शकुंतलाबाईंचा उल्लेख पुष्कळदा ‘भारतातील पहिली स्त्री स्थापत्य अभियंता’ असा केला जातो. परंतु त्यापूर्वी सुमारे दहा वर्षे मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयाने स्त्रियांना प्रवेश दिला होता, आणि पी. के. थ्रेसिया व लीलम्मा जॉर्ज या दोघींनी तेथून स्थापत्याची पदवी घेतली होती. आपल्या माणसाचा गौरव करताना दुसऱ्याच्या वाट्याचा मान आपल्याकडे ओढू नये. परप्रांतात राहून आम्ही एवढे तरी शिकलो आहोत.

पदवीनंतर शकुंतलाबाईंनी अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेतले. पुढे पवईच्या आय. आय. टी.मध्ये त्या स्थापत्य विभागात अध्यापन करू लागल्या आणि तेथील अवजड संरचनांच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखही झाल्या. यजमान अनिरुद्ध भगत हे यांत्रिकी अभियंते. एकाचे ज्ञान पुलाच्या भाराचे, तर दुसऱ्याचे कारखान्यात सुटे भाग घडविण्याचे. या दोन विद्यांच्या संगमातून त्यांचे पुढील कार्य उभे राहिले. म्हणून शकुंतलाबाईंविषयी लिहिताना अनिरुद्धरावांचा वाटा वगळणे हा अन्याय ठरेल.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९६० साली सीमावर्ती भागातील रस्त्यांसाठी स्वतंत्र संघटना स्थापन झाली. १९६२ च्या युद्धाने तर डोंगरी रस्त्यांची निकड साऱ्या देशाला कळून चुकली. परंतु रस्ता कितीही चांगला आखला, तरी तो नदीशी येऊन थांबतो. हिमालयात नद्या-नाल्यांची गणती नाही, आणि प्रत्येक ओलांडणीची लांबी निराळी. रुळलेल्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक ठिकाणासाठी वेगळा आराखडा करायचा, लांबलचक गर्डर तयार करायचे आणि ते जागेवर न्यायचे. घाटातील अरुंद वळणांवर एवढा लांब गर्डर घेऊन मालमोटार वळणार तरी कशी? तुकडे करून नेले, तर ते वर जोडायला रिव्हेट मारणारे वा वेल्डिंग करणारे कुशल कारागीर आणि त्यांची यंत्रसामग्री हवी. शिवाय पोलादी पुलाचा जीव त्याच्या सांध्यात असतो. कडाक्याच्या थंडीत घाईने केलेला सांधा पुढे दगा देण्याची धास्ती असते.

सैन्याजवळ यावर एक उपाय होता. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या डोनाल्ड बेली यांनी योजलेला पूल. दहा फुटी तयार चौकटी, सहा माणसांनी उचलाव्यात आणि एकमेकींना जोडत पूल पुढे सरकवावा. त्याने फार मोठे काम केले. परंतु तो लढाईच्या तातडीसाठी घडविलेला होता. गावाच्या नित्याच्या रहदारीला सोयीची रुंदी आणि भारक्षमता असलेला कायमचा पूल ही गरज निराळी.

भगत दांपत्याने येथे प्रश्नच वेगळ्या रीतीने मांडला. एकेक पूल सुटा न पाहता साऱ्या पुलांचा एकत्र विचार का करू नये? ठरावीक मापाचे थोडे प्रकारचे भाग कारखान्यात तयार करावेत. नदीची रुंदी, रस्त्याची रुंदी व वाहनांचा भार पाहून त्यांची संख्या आणि रचना तेवढी बदलावी. घरातल्या मोजक्याच भांड्यांत चार माणसांचा आणि चाळीस माणसांचाही स्वयंपाक निभावून नेणाऱ्या गृहिणींना ही कल्पना अभियंत्यांपेक्षा लवकर उमजेल! सांध्यांसाठी त्यांनी ‘युनिशीअर’ नावाचा जोड शोधून काढला. रिव्हेट, बोल्ट व वेल्डिंग यांची अडचण त्याने दूर केली. १९७२ साली इन्व्हेन्शन प्रमोशन बोर्डाने या शोधाचा पुरस्कार देऊन गौरव केला. आमच्या मते शकुंतलाबाईंचे खरे मोठेपण येथे आहे. त्यांनी पूल बांधले खरेच, पण त्याआधी पूल बांधण्याची एक व्यवस्थाच घडविली. दळणवळणाचे नियोजन म्हणतात, ते याहून निराळे काय असते?

या पद्धतीसाठी दोघांनी १९७० साली ‘क्वाड्रिकॉन’ ही कंपनी काढली. परंतु येथे खरी परीक्षा होती. सरकारी खात्यांना नव्या पद्धतीचा भरवसा वाटेना. पूल कोसळला तर माणसे मरतात, तेव्हा अधिकाऱ्यांची शंका अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. पण अनुभवाचा दाखला असल्याशिवाय काम नाही, आणि काम मिळाल्याशिवाय अनुभव नाही, या चक्रातून सुटावे कसे? भगत दांपत्याने स्वतःचा पैसा पणाला लावला. संसार असलेल्या माणसाने साठविलेली पुंजी एका सांध्याच्या भरवशावर लावणे म्हणजे काय, हे गाव सोडून परमुलखात नवा व्यवसाय थाटणाऱ्या आमच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

पहिली संधी मिळाली ती हिमाचल प्रदेशातील स्पितीच्या खोऱ्यात. मनालीहून तेथे जाणारी वाट त्या काळी रोहतांग आणि कुंझुम अशा दोन खिंडी ओलांडत असे. त्यांपैकी कुंझुमची उंची ४,५५१ मीटर. हिवाळ्यात ही वाट बर्फाखाली जाते आणि कामाला उन्हाळ्याचे मोजके महिनेच मिळतात. अशा प्रदेशात १९७२ साली अवघ्या चार महिन्यांत या पद्धतीचे दोन छोटे पूल उभे राहिले. पूल लहान होते, पण त्यांनी दिलेला दाखला मोठा होता. ती वार्ता पसरली, इतर जिल्ह्यांतून व राज्यांतून विचारणा होऊ लागली, आणि १९७८ पर्यंत काश्मीरपासून अरुणाचलापर्यंत अशा पुलांची संख्या ६९ झाली.

याच सुमारास देशाच्या दुसऱ्या टोकाला एक समांतर घटना घडत होती. गिंडीच्या ज्या थ्रेसियाबाईंचा उल्लेख वर आला, त्या १९७१ साली केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. भारतात त्या पदावर पोहोचलेल्या त्या पहिल्या स्त्री. १९७९ मध्ये निवृत्त होईपर्यंत राज्यातील रस्ते व पूल यांचा भार त्यांनी वाहिला आणि रस्त्यांसाठी रबरमिश्रित डांबराचा प्रयोगही केला. एकीने सरकारी खात्याच्या पायऱ्या सुमारे पंचवीस वर्षे चढून विश्वास संपादन केला, दुसरीने खात्याबाहेर राहून स्वतःच्या पैशाने तो मिळविला. मार्ग दोन, पण स्त्रीच्या सहीने मंजूर झालेल्या पुलावरून गाडी निर्धास्त जाऊ शकते, ही गोष्ट दोघींनी एकाच दशकात सिद्ध केली.

शकुंतलाबाईंना १९९३ साली वर्षातील सर्वोत्तम स्त्री अभियंता म्हणून गौरविण्यात आले. २०१२ साली त्यांचे निधन झाले. वृत्तपत्रांतून चित्रपटतारकांच्या आणि पुढाऱ्यांच्या निधनाला जी जागा मिळते, ती अभियंत्यांच्या वाट्याला सहसा येत नाही. पुलाचे तरी तसेच आहे. तो पडला तर त्याची बातमी होते, वर्षानुवर्षे उभा राहिला तर त्याची कोणी दखल घेत नाही.

आमच्या मंडळातील कित्येक कुटुंबांची तिसरी पिढी आज अभियांत्रिकी शिकत आहे, आणि तीत मुलींची संख्या पाहून आम्हांस धन्यता वाटते. त्यांपैकी एखादीला आपली नवी कल्पना ‘पूर्वी कोणी केलेली नाही’ एवढ्याच कारणाने नाकारली गेल्याचा अनुभव येईल. तेव्हा तिने स्पितीच्या त्या दोन पुलांची आठवण ठेवावी. बाकी आम्ही वयस्क मंडळी पुढच्या खेपेस देशाकडे निघू, तेव्हा नर्मदेला नाणे वाहूच. मात्र नमस्कार करताना क्षणभर पायाखालच्या पोलादाचीही आठवण ठेवू.