मजा मागवताना

इंदुरातल्या एका हॉटेलात आम्ही चौघं मित्र बसलो होतो. मेन्यूकार्डावर ‘बाल्कन मेझे’ आणि खाली छोट्या छोट्या बश्यांची यादी: भाजलेल्या लाल मिरचीची चटणी ‘आयवार’, सायीसारखं ‘कायमाक’, चीज, ऑलिव्ह, सोबत नाशिकची रेड वाइन. आमच्यातल्या एकाने चष्मा न लावताच वाचलं आणि वेटरला विचारलं, ‘‘भिया, ये मजे कितने के हैं?’’ आम्ही पोट धरून हसलो. घरी येऊन कोश चाळले तेव्हा कळलं की चष्म्यावाचूनही त्याने बरोबरच वाचलं होतं.

‘मेझे’ आणि ‘मजा’ हा एकच शब्द आहे. मूळ फारसी ‘मझा’, अर्थ चव. इराणात आजही पेयासोबत तोंडात टाकायच्या पदार्थाला हाच शब्द वापरतात. तुर्कांनी तो उचलला आणि त्याचं ‘मेझे’ केलं. उस्मानी फौजा १३५४ साली गॅलिपोलीत उतरल्या, पुढे बाल्कन मुलूख जिंकत गेल्या आणि १५२१ मध्ये त्यांनी बेलग्रेड घेतलं. फौजा परतल्या, बश्या मात्र तिथेच राहिल्या. सर्बियात, बल्गेरियात, अल्बानियात, ग्रीसमध्ये शब्द थोडाथोडा वाकला, पण टेबल तेच: मधे पाचसहा बश्या, भोवती मित्र, घाई कुणालाच नाही.

इकडे दख्खनेत बहामनी सत्ता उभी राहिली ती १३४७ साली, म्हणजे गॅलिपोलीच्या जेमतेम सात वर्षं आधी. दोन्ही दरबारांत फारसीचा मान मोठा. तिथे हा शब्द ताटाजवळ राहिला, आपल्याकडे तो ताटावरून उठला आणि मनात जाऊन बसला. मराठीत मजा सहलीत येते, सिनेमात येते, दुसऱ्याची फजिती बघण्यात तर येतेच येते. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, कारभारातल्या कितीतरी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय मिळाले. पण मजा कारभारातली थोडीच होती! ती घराघरांत राहिली. चवीचा जुना अर्थ एका धमकीत मात्र टिकून आहे. हिंदीत कुणाची खोड मोडायची असली की ‘मज़ा चखाना’ म्हणतात. चव नसती तर चाखवणार काय?

चाखण्यावरून आठवलं. आपला ‘चखणा’ही याच वळणाचा. चाखायचा तो चखणा, चवीचं ते मेझे. शब्दांची कुळं वेगळी, विचार तोच. संस्कृतात मद्यासोबतच्या चटकदार खाण्याला ‘अवदंश’ म्हणत. तोंडी लावण्याला ‘उपदंश’ असाही शब्द होता, पण आज मराठीत त्या नावाने गुप्तरोग ओळखला जातो. तेव्हा तो मेन्यूकार्डावर नको, चखणाच बरा. बाल्कन लोक मेझेबरोबर वाइन पितात तशी ‘राकिया’ही पितात. तिचं मूळ अरबी ‘अरक’, म्हणजे घाम, भट्टीच्या नळीतून थेंब थेंब गळणारा. आपला गुलाबाचा अर्क तिथलाच.

या मेझेच्या मुलखातला एक माणूस प्रत्यक्ष इंदुरात येऊन गेला. शिल्पकार कॉन्स्तान्तिन ब्रांकुशी, जन्म १८७६, रुमानियातल्या होबित्सा गावचा. रुमानियाला बाल्कन म्हणावं की नाही यावर तिथलेच लोक भांडतात. पण तिथे सॉसेजसारख्या मांसाच्या पदार्थांना आजही ‘मेझेलुरी’ म्हणतात, तेव्हा माझ्यापुरता वाद मिटला. पॅरिसमधल्या आपल्या स्टुडिओत ब्रांकुशी स्वतः बांधलेल्या चुलीवर रांधून मित्रांना जेवू घाली. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी त्याचे तीन ‘पक्षी’ विकत घेतले आणि इंदुरात एक ध्यानमंदिर बांधायचं ठरवलं. त्यासाठी १९३८ च्या सुरुवातीला तो इथे होता. मंदिर काही झालं नाही. संगमरवरी पक्षी, एक काळा आणि एक पांढरा, १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाने घेतले. ते आता कॅनबेराला असतात.

बरं, त्या हॉटेलात पोट भरलं का? छे. बिल देऊन उठलो ते थेट सराफ्यात. दिवसा सोन्याचांदीचा बाजार, रात्री पेढ्यांची शटरं पडली की त्याच ओट्यांसमोर कढया चढतात. इथे दारू नाही, मांस नाही, पण मेझेची रीत पाळावी ती इथेच. एक प्लेट, चार चमचे. आधी भुट्टे का कीस: कोवळं कणीस किसून तुपावर परतलेलं, दुधात मुरलेलं, वर खोबरं आणि लिंबू. हा ‘कीस’ शब्द ऐकला की मला आजीची किसणीच दिसते. मग गराडू: तळलेल्या कंदाचे तुकडे, कडा कुरकुरीत, आतून पिठूळ, त्यावर जिरावन मसाला भुरभुरलेला. बोटं भाजतात म्हणून टूथपिकने उचलायचे आणि शेवटच्या तुकड्यासाठी भांडायचं.

‘‘मजा आला!’’ आमचा चष्मेबहाद्दर म्हणाला. त्याची पुण्याची मावशी हे ऐकती तर तिथल्या तिथे ‘मजा आली’ करून घेती. फारसीत नामाला लिंग नाही, हिंदीने त्याला पुल्लिंगी केलं, मराठीने स्त्रीलिंगी, आणि सर्बियन ‘मेझे’ नपुंसकलिंगी. भांडण मिटेपर्यंत गराडूची दुसरी प्लेट आली.