डीएनएत शिरण्याची विद्या

रेट्रोव्हायरस या विषाणूंचं सारं बळ एका विद्येत आहे: आपली जनुकं दुसऱ्याच्या डीएनएत कायमची बसवणं. तिचा माग लागला तो कर्करोगाचं कारण शोधणाऱ्यांना. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये पेटन राऊस यांनी कोंबडीची गाठ वाटली आणि एकही पेशी उरणार नाही इतकी बारीक गाळली. ते गाळलेलं पाणी टोचल्यावर निरोगी कोंबड्यांनाही गाठी आल्या. यासाठी नोबेल मिळायला १९६६ उजाडलं.

१९३६ मध्ये जॉन बिटनर यांनी दाखवलं की उंदरांमधला स्तनाचा कर्करोग पिल्लांकडे आईच्या दुधातूनही जातो. दुधातून जाणारा तो घटक पुढे रेट्रोव्हायरसच ठरला. मुंबईत स्तनाच्या कर्करोगाच्या या कोड्याला भिडल्या पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे. विकृतिशास्त्रज्ञ खानोलकरांच्या या विद्यार्थिनीने भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. संप्रेरकं, आनुवंशिकता आणि विषाणू यांचा कर्करोगाशी संबंध काय, हे त्या शोधत होत्या. या कुळकथेत त्यांचं नाव क्वचितच घेतलं जातं, याची मला खंत वाटते.

राऊस यांच्या गाळलेल्या पाण्यातल्या विषाणूची जनुकं आरएनएची, मग बाधित पेशीच्या लेकी-नातींतही कर्करोगाचा गुण टिकतो कसा? आरएनएवरून डीएनएची नक्कल होत असणार, असं हॉवर्ड टेमिन १९६४ पासून सांगत होते. फार थोड्यांनी ते मानलं. १९७० मध्ये त्यांना आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना, स्वतंत्रपणे, ही उलटी नक्कल करणारं विकर सापडलं.

नक्कल तयार झाली की इंटिग्रेज हे दुसरं विकर तिची टोकं छाटतं, यजमानाच्या डीएनएचे धागे कापतं आणि तिथे ती जोडतं. उरलेल्या फटी पेशी स्वतःच बुजवते! पुढे प्रत्येक विभाजनात परक्याचीही प्रत निघते. म्हणूनच एचआयव्ही हा रेट्रोव्हायरस औषधांनी दबतो, पण शरीरातून जात नाही.

नक्कल नेमकी कुठे बसेल याची खात्री नसते. वाढीच्या जनुकाशेजारी बसली तर पेशी बेफाम वाढू शकते. रेट्रोव्हायरस वाहक म्हणून वापरून केलेल्या पॅरिसमधल्या सुरुवातीच्या जनुकोपचारानंतर काही मुलांना ल्युकेमिया झाला, तो यामुळेच. त्यातून शिकून वाहक विषाणू अधिक सुरक्षित केले गेले.

असाच निःशस्त्र केलेला लेंटिव्हायरस, म्हणजे रेट्रोव्हायरसचाच एक प्रकार, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या नेक्सकार१९ या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचारात रुग्णाच्या टी-पेशींत, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींत, नवं जनुक बसवतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला भारतात मान्यता मिळाली. टाटा मेमोरियलचं खारघरचं संशोधन केंद्र रणदिव्यांच्या संस्थेचंच वारस आहे.

हीच विद्या दुसऱ्या आजारावरही चालते. नंदुरबार जिल्ह्यात भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणात आढळतो. त्यावर लेंटिव्हायरसने हिमोग्लोबिनचं कामाचं जनुक रक्ताच्या मूळपेशींत बसवण्याचा उपचार अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्य झाला. मान्यतेच्या वेळी त्याची तिथली किंमत ३१ लाख डॉलर होती. ही किंमत भारतात उतरवल्याखेरीज नंदुरबारकडच्या कोरीट गावातल्या एखाद्या मुलाला त्याचा काहीच उपयोग नाही, आणि टाटा मेमोरियल आणि आयआयटी मुंबई यांनी हे काम हाती घ्यावं असं मला मनापासून वाटतं.